रंग बसायला आठ दिवस

दुसरा रविवार उजाडला तरी भिंतीचा रंग बसला नव्हता.

सदानंद बेडरूमच्या दारात उभा राहून भिंतीकडे बघत होता. रोलरचे उभे पट्टे जसेच्या तसे. खिडकीखाली पुट्टीचा उंचवटा, कोपऱ्यात दोन ओघळ, आणि वर छताच्या पांढऱ्यात घुसलेला पिवळा. रंग दिला त्या संध्याकाळी हे सगळं होतंच, आणि ते असणारच होतं. ताजी भिंत वाईट दिसते, आठ दिवसांत रंग आपसूक बसतो, हा सदानंदाचा सिद्धांत होता. उमेळ्यातल्या त्या चार मजली सोसायटीत तो आता बहुतेकांना पाठ झाला होता. काहींना त्यांच्या इच्छेविरुद्ध.

सिद्धांत काही हवेतून आला नव्हता. दिवाळीनंतर त्याने पेंटर न लावता घर रंगवायला घेतलं. आधी हॉल, मग स्वयंपाकघर, मग पॅसेज. शनिवारी जुना रंग खरवडायचा, पुट्टी भरायची, पॉलिश पेपर मारून प्रायमर लावायचा. रविवारी रंग. संध्याकाळी समोर खुर्ची टाकून चहा प्यायचा. सोमवारपासून तो सकाळी सातला गोरेगावच्या कारखान्याला निघायचा, रात्री नऊला परतायचा, आणि आठवडाभर भिंतीकडे बघायचं नाही असा त्याचा नियम होता. पुढच्या रविवारी बघावं तर भिंत अंड्याच्या टरफलासारखी गुळगुळीत. मधल्या दिवसांत रंगाचा डबा थोडा हलका व्हायचा. रंग हवेत उडतो, असा त्याचा दुसरा सिद्धांत होता. कारखान्यात तो पंप तपासायचा. दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्याचाच त्याला पगार मिळायचा. स्वतःच्या अकरा भिंतींत त्याला एकही खोट सापडली नव्हती.

आज अकरा वाजता सोसायटीतली सहा माणसं त्याच्याकडून हे काम शिकायला येणार होती. स्वतः सेक्रेटरी येणार होते. आणि बारावी भिंत ही अशी.

"अजून एक हात मारतो," तो स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला. "रोझलीनबाईंकडून शिडी आणतो पटकन."

"राहू द्या ना," मीरा आतून म्हणाली. "बेडरूमचं दार लोटून घ्या. पाहुणे कशाला बघतायत."

"पाहुणे नाहीत ते. शिकायला येतायत."

"मग तर लोटूनच घ्या."

सदानंद हसला. बायकोने टोमणा मारला की आपण हसायचं, ही त्याची जुनी सवय. लोक कौतुक करायला आले की तोही एक टोमणा मारायचा, "हिने काय केलं? हिने देखरेख केली," आणि मग मीरा हसायची. हिशेब बरोबर जुळलेला.

सोसायटीच्या मागे रोझलीनबाईंची केळीची वाडी होती. निम्मी विकली गेली होती, निम्मी शिल्लक होती. बाई नुकत्याच चर्चमधल्या मिस्सावरून आल्या होत्या आणि चांगल्या लुगड्यातच अंगण झाडत होत्या.

"शिडी पायजे होती, बाई."

"घेऊन जा की. तिथंच हाय, मागं." बाईंनी झाडू थांबवला. "मीराचा हात बरा वाटतो का आता?"

"खांदा अजून आखडलेलाच आहे. हात वर जात नाही."

"तरीच. म्हटलं या खेपेला मंगळवारी शिडी न्यायला कशी नाय आली."

"मंगळवारी? मीरा? कशाला?"

रोझलीनबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू माणूस चर्चला कशाला जातो, असं त्याने विचारलं होतं.

"रंगाला. रविवारी तुमची पाळी, मंगळवारी तिची. अख्खी थंडी असंच तर चाललंय तुमचं."

सदानंद शिडी न घेताच परत निघाला. तीन मजले चढायला त्याला एरवीपेक्षा दुप्पट वेळ लागला, कारण प्रत्येक जिन्यावर त्याला काहीतरी आठवत होतं. मंगळवारी रात्रीचं जेवण बहुधा खिचडी असायचं. ओट्याखाली घासून गुळगुळीत झालेले पॉलिश पेपर सापडायचे, ते आपलेच असतील असं त्याने धरलं होतं. दुसऱ्या मजल्यावर तो कठडा धरून थांबला. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी मीराला विचारलं होतं, हात वर धरून बराच वेळ काही काम करता का? तिच्या आधी त्यानेच उत्तर दिलं होतं. ही? हिला काय काम, दिवसभर घरातच असते. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं होतं.

घरात आला तेव्हा ती डाव्या हाताने ट्रेमध्ये कप मांडत होती. सहा पाहुण्यांचे आणि एक त्याचा.

"शिडी नाही मिळाली?"

"किती भिंती?" त्याने विचारलं.

मीराने कप ठेवला. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि शिडीचं पुन्हा विचारलं नाही.

"सगळ्या नाही," ती म्हणाली. "फ्रिजच्या मागची तुमचीच आहे. ती छान झाली होती."

खाली कोणीतरी सेक्रेटरींना हाक मारत होतं. जिन्यात चपला वाजायला लागल्या.

"मला सांगायचंस तरी, मीरा. एकदा तरी."

तिने उरलेला कप फडक्याने पुसला, उजेडात धरून बघितला.

"एवढं एक सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर मग बाकीचंही सांगत बसावं लागलं असतं."