सतरा मिनिटं पुढे

एकविसाव्या वेळीही तेच. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, आणि पडद्यावर लाल अक्षरांत चारशे एक. म्हणजे सर्व्हर तिला तोंडावर सांगत होता, बाई, आम्ही तुम्हाला ओळखत नाही.

"काकू, लॉगिन तुम्हीच लिहिलंय आणि तुम्हालाच आत घेईना?" टीमची प्रमुख फोनवर हसली. वयाने तिच्या लेकीएवढी. "माझ्याकडे तर चालतंय. आणि तीन म्हणजे तीन हं. आज तरी उशीर नको."

माझ्याकडे तर चालतंय. हे तीन शब्द ऐकले की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सत्तेचाळिसाव्या वर्षी, व्हिडिओ बघून बघून ती हे काम शिकली होती. सहा महिन्यांची चाचणी आज संपत होती. तीन वाजता सगळ्यांसमोर लॉगिन करून दाखवायचं, चाललं तर नोकरी पक्की. आणि नेमका लॅपटॉप दुरुस्तीला. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून ती माहेरी आली होती, आणि माहेरी होता तो आईचा जुना कॉम्प्युटर. आईला जाऊन वर्ष झालं होतं, तरी कीबोर्डवर तिने शिवलेलं फुलाफुलांचं झाकण तसंच होतं.

दर रविवारी सहाला ती आणि आई याच कॉम्प्युटरवर भेटायच्या. ठरलेली एक लिंक होती. हिने आपल्या घरून ती उघडली की आई आधीच तिथे. "आत्ताच येऊन बसले बघ," म्हणायची.

"अजून रुसलंय का?" वडिलांनी विचारलं. काळा चष्मा लावून ते मटार सोलत होते. निम्मे दाणे भांड्यात, निम्मे मांडीवर.

"रुसलंय. ओळखच देत नाही."

तिने ब्राउझरमध्ये साठलेल्या जुन्या खुणा, कुकीज, पुसल्या. सगळं बंद करून चालू केलं. पासवर्ड एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाकला. शेवटी, जे आधी करायला हवं होतं ते केलं. लॉग, म्हणजे प्रोग्रामने स्वतः केलेली नोंद, नीट वाचला.

रीत साधी होती. कंपनीचा सर्व्हर नाव-पासवर्ड बघून दहा मिनिटांचा पास द्यायचा. तो घेऊन या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या तिच्या प्रोग्रामच्या दारात जायचं, तिथे मुदत बघून आत सोडायचे. आणि दार म्हणत होतं, मुदत संपली. आत्ता, या क्षणी दिलेला पास! जन्मला तोच म्हातारा.

तिने दोन्ही वेळा कागदावर मांडल्या. पास दिला, दोन वाजून आठ. दारात तपासला, दोन पंचवीस.

मधली सतरा मिनिटं.

तिचं पेन थांबलं. मग तिला हसूच फुटलं.

लहानपणी या घरात दोन वेळा असायच्या. एक जगाची, एक आईची. आईची सतरा मिनिटं पुढे. शाळेची गाडी चुकू नये म्हणून. दहा मिनिटं पुढे ठेवली तर पोरं झोपेतसुद्धा दहा वजा करतात, पंधराही सोपे. सतरा वजा करायला डोकं लागतं, तेवढ्यात चपला पायात चढलेल्या असतात. हा आईचा शोध.

"बाबा, आईने कॉम्प्युटरचं घड्याळपण पुढे केलंय!"

तिने सेटिंग उघडलं. वेळ आपोआप बरोबर ठेवायची सोय मुद्दाम बंद केलेली होती. एक क्लिक, की काम झालं. तिने बाण तिथे नेला, आणि सहज भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ मोबाइलशी तंतोतंत जुळत होतं.

"हे कधी बरोबर झालं?"

"तू पहिल्या नोकरीला गेलीस, त्याच आठवड्यात. म्हणाली, आता कुणाला उशीर व्हायचाय."

"मग कॉम्प्युटर का ठेवला पुढे?"

वडिलांनी एक शेंग फोडली. "रविवारी तुझी यायची वेळ सहा. ह्यात सहा वाजले की ही जाऊन बसायची. मी म्हणायचो, अगं, अजून वेळ आहे. तर म्हणे, पोरगी एखादे दिवशी लवकर आली, तर रिकामी खुर्ची बघेल."

ती कधीच लवकर आली नव्हती. सहाचे सव्वासहा तर नेहमीचेच.

तिने बाण हळूच मागे घेतला. सेटिंग बंद केलं. मग स्वतःच्या प्रोग्राममध्ये, फक्त याच मशीनपुरती, एक ओळ लिहिली: वेळेत वीस मिनिटांचा फरक चालेल. ती ओळ नेमकी कुठे लिहायची, हे शोधण्यात अर्धा तास गेला.

पंचविसाव्या वेळी दार उघडलं. पडद्यावर तिचं नाव आलं.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात तीन वाजले. तिने मीटिंगची लिंक उघडली. आत कुणीच नव्हतं. काळ्या चौकटीत फक्त तिचा स्वतःचा चेहरा. तिने कानामागे केस सारखे केले. पदर नीट केला. पुन्हा केस सारखे केले. सतरा मिनिटं एवढी लांब असतात, हे तिला माहीत नव्हतं.

"हीपण अश्शीच बसायची," काळ्या चष्म्याआडून वडील म्हणाले. त्यांना काय दिसत होतं, देव जाणे.

भिंतीवर तीन वाजले. प्रमुखाचा चेहरा उगवला. "अगंबाई, काकू! तुम्ही आधीच? कधीपासून थांबलात?"

"छे गं," ती म्हणाली. "आत्ताच येऊन बसले बघ."