दुप्पट माया

दिवाळीची सुट्टी संपवून केतकी प्रयोगशाळेत आली, तर बशीत वाढवलेल्या यकृताच्या पेशी मेल्या होत्या. तिनं सगळ्यांदेखत शिपाई साळुंखेमामांवर खापर फोडलं. "इन्क्युबेटरचं दार तुम्हीच उघडं टाकलंत!"

दुपारी प्रयोगशाळेच्या मॅडमनी बशीतल्या पोषक द्रवात मोजपट्टी बुडवली. "एवढं खोल मीडियम? प्राणवायू यातून मुंगीच्या पावलांनी झिरपतो, आणि यकृताच्या पेशी खादाड. तो पोचेपर्यंत त्या तळाशी गुदमरल्या. कुणी ओतलं?"

सुट्टीत उपाशी राहू नयेत म्हणून केतकीनंच ते दुप्पट ओतलं होतं. "मी" म्हणायला तोंड उघडेना, डोळेच भरले.

तेवढ्यात साळुंखेमामा इन्क्युबेटरच्या दाराला नवं रबर लावायला आले. तिला पाहून कळवळले. "रडू नका, ताई. चूक माझी. पुन्हा नाही व्हायची."