रानराखीची घोंगडी

साधनानं घोंगडीला कात्री लावली होती. बरोबर मधोमध, ताटलीएवढं गोल भोक. तानुबाई खुरपण आटोपून घरी आली तेव्हा पोरगी त्या भोकातनं डोकं काढून आरशासमोर उभी होती. आरशात आजी दिसली, पण ती वळली नाही.

शेजारी तानुबाईचा नवरा गेणबा चातीवर लोकरीचा धागा पिळत बसला होता. त्याच्यासमोरच नातीनं घोंगडी कापली आणि त्यानं हूं की चूं केलं नव्हतं. तानुबाईनं आधी त्यालाच धरलं. डोळे हायत का गहाण टाकलेत, म्हणाली. गेणबा म्हणाला, पोरगी म्हणाली कॉलेजचं हाय, मला वाटलं कॉलेजात कापत असतील.

घोंगडीला कात्री लावत नाहीत. फाटली तर सांधतात, अगदीच विरली तर वासराच्या पाठीवर टाकतात, पण कापत नाहीत. मेंढरं विकून मांडवगणात शेती करायला लागल्यापासून त्या घरात हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगायची गोष्ट आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

साधना दौंडच्या कॉलेजात बारावीला होती. उद्या सकाळी कॉलेजची मुलं चार दिवस भीमाशंकरच्या रानात निघणार होती. शेवटच्या दिवशी प्रत्येक जोडीनं आपल्या मनानं रचलेल्या माणसाच्या वेशात डोंगर चालायचा. वेश हातानं केलेला पाहिजे, आणि नुसता दिसून भागणार नाही, पावसापाण्यात उपयोगी पडला पाहिजे. सगळ्यात चांगल्या वेशाला बक्षीस होतं. साधनानं आणि तिच्या मैत्रिणीनं, मेहकनं, रानराखी रचली होती. जंगल राखणारी बाई, टोकदार टोपीचा लांब झगा घातलेली. वहीत तिचं चित्र होतं. बाणांचा भाता मेहकनं दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये बसून केला होता, पाण्याच्या पाइपाला स्कूटरच्या जुन्या सीटचं रेक्झिन गुंडाळून. मनगटाचे पट्टे सायकलच्या ट्यूबचे. बाटलीला पोत्याचं कापड. राहिला होता झगा.

हे सगळं साधना एका दमात बोलून गेली. मग म्हणाली की आज्जी, तू नको म्हणालीस तर मी जात नाही. बोलताना तिचा हात भोकाच्या कडेवर होता. तिथले धागे सुटायला लागले होते.

तानुबाईनं वही मागितली. लांब धरून चित्र बघितलं. ही बाई मीठमिरची कुठं बांधती, असं विचारलं. मीठमिरची चित्रात नव्हती. काडीपेटी भिजली तर काय करती? तेही नव्हतं. तलवार मात्र होती. तलवारीवर भाकरी भाजत असंल, तानुबाई म्हणाली.

"आमी हीच घोंगडी अंगावर घिऊन मेंढरांमागं हिंडलो, तवा लोकं बांधावर उभी करत न्हवती," तिनं वही परत दिली. "आन् ह्यांना बक्षीस हाय."

गेणबा हसला. तानुबाईनं बघितलं तसा थांबला.

मग तिनं नातीच्या डोक्यावरनं घोंगडी ओढून काढली. खाली पडलेली गोल चकती उचलली, झटकली, भोकात बसवून बघितली. साधनाला वाटलं, घोंगडी आता पेटीत जाणार आणि आपण घरात. तानुबाई दाभण घेऊन बसली. गेणबानं न सांगता चातीवरचा धागा तोडून पुढं केला. तिनं जवळजवळ टाके घातले, घोंगडी उलटी करून तीच वाट पुन्हा शिवली. शिवता शिवता एवढंच म्हणाली की मधी भोक पाडलं तर पाणी आधी मानंवर येतं आन् मग पाठीत उतरतं, एवढी तरी अक्कल रानराखीला पाहिजे.

"उभी ऱ्हा."

साधना उभी राहिली. तानुबाईनं घोंगडीची कड तिच्या कपाळावर आणली, एक कोपरा आत दुमडला, दुसरा त्याच्यावर ओढून घेतला आणि डोक्यावर टोक उभं राहिलं. याला खोळ म्हणतात, तिनं सांगितलं, आन् याला कात्री लागत न्हाई. उरलेली घोंगडी पाठीवरनं थेट पोटऱ्यांवर आली. शिवलेला गोल पाठीवर दिसत होता, नव्या धाग्यानं जरा जास्तच काळा. साधनानं आरशात बघितलं, मग वहीत, मग पुन्हा आरशात.

ती काही बोलायच्या आत तानुबाईनं विचारलं की ही बाई दिवसभर रानात करती तरी काय. वाट चुकलेल्यांना बाहेर काढते, साधना म्हणाली.

"आन् हिचीच वाट चुकली तर?"

मेहकनं आणि तिनं ते ठरवलंच नव्हतं.

तानुबाईनं दोन्ही टोकं गळ्यापाशी घेतली आणि गाठ मारायला लागली. गाठ बसायला वेळ लागला.

"तर हिंडायचं न्हाई," ती म्हणाली. "खोळ वढून झाडाखाली बसायचं. उजाडस्तवर बसायचं. घरचं माणूस हाळी देत येतं. ती आयकू आली पायजे."

तिनं खोळीत बोट घातलं आणि नातीच्या कानावरचं घोंगडं जरासं मागं सारलं.