चाक न टेकवता

“चाक टेकलं का? नाही ना टेकलं? मग पैसे कसले?”

दातांच्या डॉक्टरांनी टेबलावर मूठ आपटली. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवणारा हा माणूस आज स्वतःचं मिटायला तयार नव्हता.

वसुलीसाहेबांनी गळ्यातली दुर्बीण सरळ केली. त्या चिमुकल्या विमानतळाची सगळी वसुली या दुर्बिणीवर चालायची. हौशी वैमानिक उतरायचा सराव करत धावपट्टीपर्यंत खाली येत, चाक न टेकवता पुन्हा वर जात, आणि खिडकीशी बसलेले साहेब दर फेरीला फळ्यावर खडूने एक रेघ ओढत. जितक्या रेघा, तितके पैसे.

आज मात्र साहेबांनी खुर्ची गर्रकन फिरवून खिडकीकडे पाठ केली होती. अंगावर आलेल्याला पाठ दाखवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

“खाली आलात म्हणजे धावपट्टी वापरलीत.”

“वापरली? नुसती बघितली!”

“बघायचेही पैसे.”

“पाहुणा दारापर्यंत येऊन परत गेला, तर त्याच्याकडून चहाचे पैसे घेता?”

“रोज दहा वेळा दारापर्यंत येऊन परत गेला, तर पोलिसांना बोलावतो.”

कोपऱ्यातल्या टाइपिस्ट बाई खोकल्या. हसू दाबायची त्यांची तीच रीत होती.

डॉक्टर लालबुंद झाले. “उद्या माझ्या पोरीची परीक्षा आहे! आज सराव झाला नाही, तर उद्या ती परीक्षकाला घेऊन थेट कुंपणात उतरेल. वर्षभराची मेहनत मातीत! आणि तुमच्या दराने सराव करायचा, तर मला अख्ख्या गावाचे दात उपटावे लागतील!”

‘उपटावे’ला त्यांनी असा काही सूर लावला की खिडकीच्या काचा थरथरल्या.

“आवाज खाली!” साहेब गरजले. “आणि ते तुमचं पिवळ्या शेपटीचं खटारं आज कुठे आहे?”

“पोरगी धुतेय खाली. धुण्याचेही पैसे लावा!”

“सुचवल्याबद्दल आभारी आहे.”

“लुटारू!”

काचा पुन्हा थरथरल्या.

साहेबांच्या कपाळावरची शीर ताडताड उडायला लागली. “लुटारू? तुम्ही लोकांकडून नुसतं ‘आ’ करायचे पैसे घेता, ते काय मग?”

“मी आत बघतो तरी! आणि तुम्ही... तुम्ही...”

डॉक्टर थांबले. मान किंचित तिरकी केली. श्वास भरून घेतला. एवढ्या संतापातही हा माणूस शब्द निवडून वापरतो, याचं साहेबांना मनातल्या मनात कौतुक वाटलं.

“दरोडेखोर!”

काचा खणखणल्या. पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठली.

बाईंनी खोकल्याच्या गोळ्यांची डबी पुढे केली. “घ्या, डॉक्टर. शेवटची आहे. या महिन्यात झाडून सगळे वैमानिक भांडायला येताहेत, डबी पुरणार कशी?”

डॉक्टरांनी गोळी तोंडात टाकली आणि नव्या दमाने भिडले. साहेबांच्या सात पिढ्यांची आठवण काढून झाली. काचा थरथरत राहिल्या. साहेबही हटले नाहीत; उलट खुर्ची आणखी पुढे ओढून, डोळ्यांत डोळे घालून, त्यांनी एकेक शिवी व्याजासकट परत केली.

शेवटी डॉक्टरांचा घसाच बसला.

“थांबा,” ते कसेबसे कुजबुजले. “अजून... थोडं... भांडायचंय.”

“पुरे झालं. निघा! एक पैसा कमी होणार नाही.”

डॉक्टर पाय ओढत, दोनदा मागे बघत बाहेर पडले. दार लागलं. साहेब पाणी प्यायले आणि त्यांनी फळ्याकडे पाहिलं. कोरा करकरीत.

“बघा बाई, एकही रेघ नाही. दर लावला की कशी शिस्त येते.”

बाई खूप वेळ खोकल्या.

मग खोली शांत झाली. आता कोणीच ओरडत नव्हतं. तरी काचा थरथरल्या, आणि साहेबांच्या पाठीमागून एक पिवळी शेपटी, चाक न टेकवता, झोकात वर गेली.