तबकडीतले अब्बा

"मातीला सगळं द्यावं लागतं, बेटी. थोडं मागं ठेवून न्हाय चालत," फरिदाबी म्हणाली आणि तिने पिशवीतून कफनाच्या पांढऱ्या कापडाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. तेरहून पहिल्याच एसटीने ती धाराशिवला आली होती, तडक लेक आफरीनच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत.

अखेरच्या वर्षी अब्बांना अंगाच्या आत काहीतरी जळत असल्यासारखे वाटे. थर्मामीटर मात्र कधीच ताप दाखवत नसे. तपासणीसाठी काढलेल्या मांडीच्या कणभर मांसातून, त्यांनाच विचारून, आफरीनने काचेच्या तबकडीत पेशी वाढवल्या होत्या आणि त्यांत चमकणारा रंग सोडला होता. त्याच्या उजेडावरून पेशींच्या पोटातली उष्णता मोजायची होती. अब्बा जाऊन त्यांचा चाळिसावाही उरकला, तरी त्यांच्या पेशी जगत होत्या. अम्मीला हे कालच कळले होते.

"दाखव तरी."

पडद्यावर अंधुक, हिरवट ठिपके उमटले.

"एवढे फिक्के? गुसलची आंघोळ झाली, जनाजा झाला, आन् तू त्यांना इथं असं काचंत तिष्ठत ठिवलंस? रात्रभर डोळ्याला डोळा न्हाय माझ्या."

या पेशी गेल्या, तर अब्बांना जाळणाऱ्या त्या आगीचा शोधही मातीआड जाणार होता. तरी आफरीनने हात पुढे केला आणि पेशींना ऊब देणारी तबकडीखालची तापती पट्टी बंद केली.

हळूहळू पडद्यावरचे ठिपके उजळू लागले. हिरवट होते ते पोपटी झाले, मग लखलखले. फरिदाबी पुढे वाकली. एकेक ठिपका निरखू लागली. मग तिने कापडाची घडी घातली आणि ते पिशवीत टाकले.

"जान हाय गं यांच्यात अजून! कसा नूर चढलाय बघ. ऱ्हाऊ दे. न्हाय नेत मी."

"अम्मी," आफरीन म्हणाली, "डोळे मिटा. दुआ मागा त्यांच्यासाठी."

फरिदाबीने ओंजळ पसरली. तिच्या पापण्या मिटताच आफरीनने आधी पडदा मालवला, मग घाईघाईने पट्टी चालू केली. पेशी गारठू लागल्या, की तो रंग उजळायचा. अब्बांना जगवायचे, तर त्यांना पुन्हा अंधुक करणे भाग होते.