काळी मुंगी

"मुंगी काळीच पाहिजे. आणि वाटी काशाची आण, स्टीलची नको," इरम्मा म्हणाल्या.

सासूबाई कोपऱ्यात फुलवाती वळत बसल्या होत्या. कापूस बाजूला सारून त्या उठल्या. थोरल्या जावेच्या शब्दापुढं त्यांनी कधी शब्द काढलेला भाग्यश्रीनं ऐकला नव्हता.

भाग्यश्रीच्या मांडीवर पाच महिन्यांचा शंभू होता. जुलाबानं त्याचे डोळे आत गेले होते. रडायचं सोडून तो आता नुसता कण्हत होता. सकाळपासून त्याला अंगावर घेऊ दिलं नव्हतं. आईचं दूध आंबलंय, त्यानंच पोर हगतंय, असं इरम्मांचं म्हणणं. दुधात मुंगी सोडायची. जगली तर दूध चांगलं, मेली तर पाजणं बंद.

"डॉक्टरांनी सांगितलंय, अंगावरचं तोडू नका म्हणून," भाग्यश्री पुन्हा म्हणाली. "आणि मोठ्या आई, मुंगी कुठल्याही दुधात बुडून मरतेच. साध्या पाण्यातसुद्धा."

"व्हय का? मग एवढ्या शिकलेल्या आईचं लेकरू असं का सुकलं?"

बी.एस्सी.ला तिनं मुंगीच्या सहाही पायांची आकृती काढली होती. इथं ती कुणाला दाखवणार?

"धाकटा काय म्हणला फोनवर?"

"तुम्ही म्हणाल तसं कर म्हणाले. उद्या निघतायत पुण्याहून."

धाकटा म्हणजे शिवानंद, तिचा नवरा. सगळं घर त्याला धाकटाच म्हणायचं. थोरला कुणी नव्हता. लग्नानंतर तिनं एकदा विचारलं होतं. तेव्हा सासूबाई चुलीवरचं दूध बघायला म्हणून उठून गेल्या होत्या. चुलीवर दूध नव्हतं.

सासूबाईंनी आणलेली वाटी घेऊन भाग्यश्रीनं भिंतीकडं तोंड केलं. पिळावं लागलंच नाही. शंभू कण्हला तशी धार आपोआप वाटीत पडली. ब्लाऊज तर केव्हाचा भिजला होता. एवढं दूध, आणि लेकराचे ओठ कोरडे.

वाटी घेऊन सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. त्यांना वेळ लागला.

"मुंगी धरायला गेलीस का वारूळ खणायला?" इरम्मांनी हाक दिली.

सासूबाई आल्या. एका हातात वाटी, दुसऱ्या हाताच्या चिमटीत मुंगी. मान खाली घालून त्यांनी ती दुधात सोडली.

मुंगी गिरकी खाऊन उलटी झाली. पाय हवेत झाडू लागली. मग पाय हलायचे थांबले. भाग्यश्री वाटीवर वाकली. आई भवानी, हिला जगव, तुझी ओटी भरीन. आपण नवस बोलतोय हे तिला बोलून झाल्यावर कळलं. आता नुसती भीतीच नव्हती. खरंच माझंच दूध आंबलेलं असेल तर?

मुंगीचा एक पाय हलला. ती सुलटी झाली. दुधावरून चालावं तशी ती सरळ चालत गेली, काठावर आली आणि मिशा पुसत बसली.

इरम्मांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "दूध बरं हाय मग. नजर असंल कुणाची. मीठ-मोहऱ्या बघते." त्या उठून बाहेर गेल्या.

भाग्यश्रीनं शंभूला पदराखाली घेतलं. त्याला नीट धरताही येईना. दोन घोट ओढले की थांबायचा. तिनं त्याच्या हनुवटीखाली बोट धरलं आणि घोट उतरतो का, तेवढंच बघत राहिली. उतरत होते. पुरेसे होते का, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं.

तो पेंगला तेव्हा त्याला खांद्यावर टाकून ती वाटी धुवायला मोरीत गेली. दूध ओतलं. तळाशी काहीतरी पांढरं चिकटलेलं होतं. तिनं नखानं ओढलं. पिंजलेली फुलवात होती, तळापासून काठापर्यंत पसरलेली, दुधात दुधासारखीच दिसणारी.

मागं सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी तिच्या हातातली वात घेतली, पिळली आणि कनवटीला खोचली.

"आत्या, हे तुम्ही..."

"हळू." त्यांनी शंभूच्या पाठीवर तळवा ठेवला. "थोरल्याच्या येळंला मुंगी मेली. मला वात सुचली न्हाय."