गाडीच्या आईला सांगायचं राहिलं

"सीट याच्या पुढं येत नाही, आणि हा म्हणतो पाय पूर्ण दाब," सायफिन स्टिअरिंगकडे बघत पुटपुटली. "पाय काय शेजारणीकडनं उसने आणू?"

"पाठीला उशी घे," खिडकीशी उभा असलेला तिचा नवरा प्रयून म्हणाला. एवढं बोलून त्याला दार धरावं लागलं.

तिनं क्लच सोडला. पिकअप एक गचका खाऊन बंद पडली. तिसऱ्यांदा.

प्रयूनच्या फुप्फुसांबद्दल डॉक्टर काय म्हणाले होते, ते या अंगणातल्या तिघांनाही ठाऊक होतं. किती महिने, तेही. पण सकाळपासून बोलणं चाललं होतं ते गिअरबॉक्सचं.

अंगण दाम्रोंग मिस्त्रीचं. कडेला एक पांढरी गाडी विकायला उभी होती, ऑटोमॅटिक. सायफिननं हनुवटीनं तिकडे दाखवलं. "तीच घेऊ या ना. ही देऊन टाकू. दोनच पायडल आहेत तिला, माझ्यासारख्या बाईसाठीच केलेली."

"काकू, मला काय, आत्ता किल्ली देतो," दाम्रोंग चिंध्यांनी हात पुसत म्हणाला. "पण तुमचं घर डोंगरात. गिअरवाली बरी. ती आधी सांगते. क्लच घसरतो, जळका वास येतो, खडखडते. माणूस सावध होतो. ऑटोमॅटिक बोलत नाही. वरून बघाल तर छान चालतेय, आणि आतल्या आत झिजत असते. कळतं तेव्हा..."

त्यानं वाक्य तिथंच सोडलं आणि पाना शोधायला लागला. पाना त्याच्या खिशातच होता.

"म्हणजे आमची किती चालेल?" प्रयूननं विचारलं. त्याला या प्रश्नाचं उत्तर दोनदा मिळालं होतं. तिसऱ्यांदा ऐकायला त्याची ना नव्हती.

"एकोणीस वर्षं झाली, गिअरबॉक्स कधी उघडावा लागला नाही. आज क्लच प्लेट नवी बसवली. नीट चालवली तर आणखी पंधरा."

"पंधरा." प्रयूननं सायफिनकडे बघत मनात हिशोब केला. "म्हणजे ही तेव्हा त्र्याहत्तरची. बास झालं. तेवढं हिला पुरे."

"आणि तू अठ्ठ्याहत्तरचा," सायफिन म्हणाली. "तेपण सांग की त्याला."

प्रयून वाकून मागचं टायर बघायला लागला. टायरमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

तिनं पुन्हा किल्ली फिरवली. क्लच, पहिला गिअर, हळूहळू पाय वर. पिकअप हातभर सरकली, थरथरली आणि गप्प झाली.

दाम्रोंग बॉनेटपाशी उकिडवा बसला. त्यानं काही उघडलं नाही, नुसता बसला. मग हळूच म्हणाला, "काका, आईला सांगितलंत का?"

प्रयून अजून टायरच बघत होता.

आई म्हणजे मे यानांग, प्रत्येक गाडीत राहते ती देवी. तिला चालवणाऱ्याचा हात कळतो. हात बदलायचा असेल तर आधी तिला सांगायचं असतं, कारणासकट. न सांगता दुसरं कुणी बसलं की ती अडते. एकोणीस वर्षं प्रयून तिला हात जोडल्याशिवाय किल्लीला शिवला नव्हता. रस्त्यात साप मारला गेला तरी उतरून तिची माफी मागणारा माणूस, आणि एवढी गोष्ट विसरला. किंवा विसरला नव्हता.

दाम्रोंगनं आपल्या देव्हाऱ्यातून केळी आणली, लाल सरबताची बाटली आणली, नऊ उदबत्त्या पेटवून प्रयूनच्या हातात दिल्या. बॉनेटवर केळी मांडली. प्रयून गुडघ्यांवर बसला. धुरानं त्याला खोकला आला आणि तो थांबेपर्यंत बाकीची दोघं दुसरीकडे बघत राहिली.

"आई," तो म्हणाला, "आजपासनं गाडी ही चालवणार. नवीन आहे. सांभाळून घे."

"कारण, काका," दाम्रोंग म्हणाला.

"कारण... डोळे. संध्याकाळचं दिसत नाही मला हल्ली."

सायफिननं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, गचका खाऊन बंद पडली.

"गुडघापण," प्रयून घाईनं म्हणाला. "डावा. क्लच दाबला की कळ येते. फार कळ येते, आई."

दाम्रोंगनं मान खाली घातली. "गुडघ्याला गोळ्या मिळतात, काका," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की त्यानं तो कुणाला ऐकू जावा म्हणून काढलाच नसावा.

सायफिन गाडीतून उतरली. उदबत्त्यांची राख प्रयूनच्या मनगटावर पडत होती आणि त्याला ते कळत नव्हतं. तिनं ती फुंकली, त्याच्या बोटांतून उदबत्त्या काढून घेतल्या. गुडघ्यावर बसली नाही. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तिनं बॉनेटवर हात ठेवला.

"आई, ह्याचे डोळे चांगले आहेत. गुडघापण चांगला आहे," ती म्हणाली. "हा मरतोय. भाताची कापणी बघायचा नाही. तू अजून पंधरा वर्षं आहेस म्हणतात. मी एकटी तुला घेऊन जाऊ कुठं?"